राजीनाम्याच्या कागदातले नववे कलम

महोदय,

आयटीतल्या नोकरकपातीचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. जाताना माणसाकडून कशावर सही घेतात, ते मात्र येत नाही.

माझ्या भाच्याला हिंजवडीतल्या एका कंपनीने शुक्रवारी दुपारी 4 वाजता बोलावून 8 पानी इंग्रजी करार पुढे ठेवला. नोकरी 11 वर्षांची, सही मात्र संध्याकाळच्या आत. 3 महिन्यांचा पगार मिळणार होता, त्याने केली. नववे कलम नीट वाचले ते घरी आल्यावर. कराराचा भंग झाला किंवा त्याने कंपनीवर कुठलाही दावा लावला, तर कंपनीच्या वकिलाचा सगळा खर्च त्याने भरून द्यायचा. रकमेला मर्यादा नाही. भंग झाला की नाही, हे कंपनीच ठरवणार. फोन केला तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "स्टँडर्ड क्लॉज आहे, सगळेच करतात."

मी 28 वर्षे कार्मिक विभागात काढली, तीही मालकाच्या बाजूने. युनियनशी करार करताना एकेका ओळीसाठी रात्री जागवल्या. असले कलम पुढे केले असते, तर आमच्या युनियनच्या अध्यक्षांनी कागद भिरकावला असता, सोबत चहाचा कपही.

1872 च्या करार कायद्याचे कलम 28 म्हणते, न्यायालयात दाद मागण्याची वाट पूर्ण बंद करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणून वाट बंद करत नाहीत, तिच्यावर टोलनाका बसवतात. कलम 74 मुळे न्यायालय अशी रक्कम वाजवीपुरती खाली आणू शकते, पण त्यासाठी आधी न्यायालयात जावे लागते. घराचे हप्ते डोक्यावर असलेला माणूस कशाला जाईल?

ब्रिटनमध्ये 1996 च्या रोजगार हक्क कायद्यानुसार, कर्मचाऱ्याने स्वतंत्र सल्लागाराकडून करार समजून घेतल्याशिवाय त्याचे कायदेशीर हक्क अशा सहीने सुटत नाहीत. सल्लागाराची फी बहुधा मालकच देतो. असली कलमे तिथेही घालतात, पण सहीआधी ती कुणीतरी वाचून दाखवतो.

आपल्याकडे निदान आठवडाभर कागद घरी नेऊ द्यावा, एका वकिलाची फी कंपनीने द्यावी आणि खर्चाचे कलम दोन्ही बाजूंना लागू करावे. भाच्याच्या करारात अनुभवपत्र 15 दिवसांत द्यायचे लिहिले आहे. आज 47 वा दिवस. या भंगाचा खर्च कोणी भरायचा, ते नवव्या कलमात नाही.

— एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड