फोटोतलं डोकं कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत बेली डान्सवर अर्धं पान छापलंत, त्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात. सोबतच्या फोटोत नर्तिका छातीच्या खाली सुरू होते आणि मांडीपाशी संपते. डोकं नाही, हात कोपरात तुटलेले, पावलांचा पत्ता नाही. याच पुरवणीत अलीकडे एका व्हायोलिनवादकाचा फोटो आला होता. त्याचा चेहरा होता, बोटं होती, खाली नावही होतं. या बाईला ना नाव, ना चेहरा. वर मजकुराचा शेवट 'पोट कमी होईल आणि नवराही खूश' असा. हे वाक्य संपादकीय टेबलावरून कोणाच्याही नजरेत न खुपता पुढे गेलं याचा मला राग आहे.

मी हे नृत्य शिकवते. वर्गासाठी एक हॉल भाड्याने घेतला होता. पावती करताना मालकांनी विचारलं, कसला क्लास? मी सांगितल्यावर त्यांचं पेन थांबलं. बोर्डावर 'फिटनेस' लिहा म्हणाले. मी 'बेली डान्स' असंच लिहिलं. मग निरोप आला की खिडक्यांतून दिसतं, पडदे लावा. मी पदरचे पैसे घालून जाड पडदे लावले. थोड्याच दिवसांत दुसरा निरोप: पडदे ओढून आत काय चालतं, असं लोक विचारतात. महिना भरायच्या आत हॉल सोडायला सांगितलं. अनामत परत देताना त्यातून साफसफाईचे पैसे कापून घेतले. शेजारच्या खोलीत झुम्बाचा क्लास चालायचा. तिथल्या बायकांचे कपडे आमच्यासारखेच, संगीत आमच्याहून मोठं. त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

आत काय चालायचं ते सांगते, म्हणजे विचारणाऱ्यांची सोय होईल. टी-शर्ट आणि लेगिंग्ज घातलेल्या बायका कमरेला रुमाल बांधून, गुडघे सैल सोडून उभ्या असायच्या. शिमी, म्हणजे कमरेची थरथर, गुडघ्यांतून येते. गुडघे आळीपाळीने भराभर वाकवायचे आणि सरळ करायचे, नितंब आपसूक थरथरतात, वरचं अंग मात्र स्थिर ठेवायचं. नव्या मुलीचे खांदे लगेच हलायला लागतात, ते थांबवण्यात महिने जातात. मी टाळ्यांवर मकसूम हा अरबी ठेका धरायचे: दुम-टक, टक-दुम, टक. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. वर्गात एक बाई होत्या, वयाने माझ्याहून मोठ्या. हिप ड्रॉप, म्हणजे एक नितंब झटक्याने खाली सोडण्याची हालचाल, करताना तोल जायचा म्हणून भिंतीला हात टेकून सराव करायच्या. घरी 'व्यायामाला जाते' एवढंच सांगून यायच्या. नाण्यांच्या झालरीचा रुमाल वाजू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायच्या. हॉल गेल्यावर त्यांनी येणं सोडलं, कारण नवी जागा त्यांच्या नणंदेच्या घरावरून जाणाऱ्या रस्त्यावर होती. एका चांगल्या विद्यार्थिनीचं नाचणं असं बंद पडलं. तिने काय गुन्हा केला होता?

कोणी म्हणेल, ज्या देशातून हे नृत्य आलं तिथे तरी मान असेल. इजिप्तमध्ये लग्नात नर्तिका बोलावतात. तिच्या पोटावर हात ठेवून नवरा-नवरी फोटो काढतात. पण तिला सून म्हणून घरात आणायची वेळ आली की तेच कुटुंब तोंड फिरवतं. 1834 मध्ये इजिप्तचा शासक मुहम्मद अली याच्या राजवटीने उघड्यावर नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेला पाठवलं. त्यांच्या जागी बायकी वेश केलेले पुरुष नाचू लागले आणि बघणाऱ्यांची करमणूक चालूच राहिली. बघणाऱ्यांना कोणी शहराबाहेर काढलं नाही. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही तेच. तिथल्या 'कैरो स्ट्रीट' या दालनातला नाच बघायला गर्दी लोटली आणि नीतिरक्षकांनी मागणी केली ती नाच बंद करण्याची.

नर्तिका बदिया मसाबनीने 1926 मध्ये कैरोत आपला रंगमंच उघडला. तिच्याकडून तहिया कारिओका, सामिया गमाल यांच्यासारख्या नर्तिका पुढे आल्या, सिनेमात गाजल्या. 1959 मध्ये महमूद रेदा यांनी लोकनृत्याचं पथक काढलं, पुढे ते सरकारी झालं. कमरेच्या पुष्कळशा त्याच हालचाली पोट झाकून पथकात केल्या की राष्ट्राची संस्कृती, एकट्या बाईने क्लबात केल्या की अब्रूचा प्रश्न! आणि 2022 मध्ये इजिप्तमधल्या एका शाळेतल्या शिक्षिकेचं प्रकरण गाजलं, ती तर व्यावसायिक नर्तिकाही नव्हती. नाईलवर सहकाऱ्यांबरोबर नौकेच्या सहलीला गेली, अंगभर कपड्यांत हसत नाचली, कोणीतरी व्हिडिओ काढून पसरवला. तिची नोकरी गेली आणि नवऱ्याने घटस्फोट दिला. लोकांनी आवाज उठवल्यावर नोकरी परत मिळाली. तिच्या पाठिंब्यासाठी एका शाळेच्या उपमुख्याध्यापिकेने स्वतःच्या मुलीच्या लग्नात नाचतानाचे फोटो टाकले. मला त्या बाईंचा फार अभिमान वाटतो. परवानगीशिवाय व्हिडिओ काढणाऱ्याचं काय झालं, हा प्रश्न मात्र नाचणाऱ्या बाईच्या चारित्र्याइतका कधीच चघळला जात नाही.

आपल्या लेखात यातलं काही नाही. कॅलरीज आहेत. नाचून पोट कमी होत असेल तर चांगलंच आहे, पण मला शिकायला इतकी वर्षं लागली ती पोटासाठी नाही.

आणखी एक. माझं मागचं पत्र आपण छापलंत तेव्हा नावाखाली माझ्या राहण्याचा भागही छापलात. नंतर कित्येक दिवस अनोळखी माणसं फोन करून 'खासगी कार्यक्रम करता का' असं विचारत होती. एकाने दर विचारला. म्हणून या वेळी नाव आणि पत्ता फक्त आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. पत्रातला मजकूर मात्र कापू नये, विशेषतः हॉलचा.

आणि ज्या नर्तिकेचा तो फोटो आहे, तिचा पूर्ण फोटो तिच्या परवानगीने, नावासकट, पुढच्या पुरवणीत छापावा. मूळ फोटो आपल्याकडे असेलच.

कळावे,
एक नृत्यशिक्षिका