तेवीस टक्के, पण कशावर?

डे मॉईन, आयोवा
दि. 6 जानेवारी 2008

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी मी फोनवर माइक हकाबी यांच्या करयोजनेविषयी सांगत होतो, तेव्हा तुम्ही मध्येच "तेवीस टक्के, पण कशावर?" असे विचारलेत आणि नेमका तेव्हाच फोन तुटला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा आठवडा गेला, म्हणून ते सविस्तर लिहितो.

हकाबी हे आर्कन्सा राज्याचे माजी गव्हर्नर, त्याआधी चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी 3 जानेवारीला इथे झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या सभांमध्ये त्यांना सुमारे 34 टक्के मते मिळून ते पहिले आले. आमच्या भागातील सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. मला मताचा अधिकार नसल्याने मी मागे भिंतीपाशी उभा राहून ऐकत होतो. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या गृहस्थांनी प्राप्तिकर खाते कायमचे बंद होईल असे म्हणताच ज्या टाळ्या पडल्या, त्यावरून इथल्या माणसांना एप्रिलमध्ये विवरणपत्र भरण्याचा किती वैताग आहे हे कळले.

'फेअर टॅक्स' नावाच्या या योजनेत प्राप्तिकर, कंपन्यांवरील कर, वारसाकर आणि पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी कापली जाणारी रक्कम हे सारे रद्द करून, त्यांच्या जागी नव्या वस्तूंवर आणि सेवांवर देशभर एकच विक्रीकर बसवायचा आहे. डॉक्टरांची फी आणि घरभाडेही त्यातून सुटत नाही. जुन्या, वापरलेल्या वस्तू मात्र सुटतात.

आता तुमचा प्रश्न. दुकानदाराला 77 डॉलर मिळाले आणि सरकारला 23, तर गिऱ्हाईक 100 डॉलर देते. या शंभरावर 23 म्हणून तेवीस टक्के. पण आपण दुकानात कर मूळ किमतीवर मोजतो, आणि 77 वर 23 म्हणजे जवळजवळ तीस टक्के होतात. प्राप्तिकराचा दरही एकूण उत्पन्नावरच सांगतात, तेव्हा तुलना बरोबरीची आहे, असे समर्थकांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. तरीही इथे वस्तूवरील चिठ्ठीत विक्रीकर धरलेला नसतो, तो पैसे देताना वर चढतो; आयोवाचा पाच टक्के राज्यकर लोक असाच वरून मोजतात. त्या सवयीच्या माणसासमोर तेवीस हा आकडा ठेवणे मला योग्य वाटत नाही. मतदाराला तीस सांगावेत आणि मग मत मागावे.

योजनेतला एक भाग मला मनापासून आवडला. दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावर जेवढा कर बसेल, तेवढी रक्कम सरकार प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला आगाऊ देणार आहे, त्यामुळे अगदी गरिबाच्या पिठामिठावर प्रत्यक्षात कर उरत नाही. पण ज्या वृद्धांनी आयुष्यभर प्राप्तिकर भरून शिल्लक टाकली, त्यांना ती खर्च करताना पुन्हा कर द्यावा लागेल, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही सापडले नाही.

सर्वांत मोठी शंका मात्र तुमच्यामुळेच सुचली. 1 एप्रिल 2005 पासून आपल्याकडे व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आला, तेव्हा तुम्ही रात्री उशिरापर्यंत बसून घाऊक व्यापाऱ्यांची पक्की बिले लावत होता, कारण त्यांच्याशिवाय भरलेल्या कराची वजावट मिळत नव्हती. हा त्रास होता खरा, पण त्याच लोभाने प्रत्येक जण आपल्या आधीच्याकडून बिल मागतो आणि साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर थोडाथोडा कर सरकारकडे जमा होतो. इथे सगळा कर शेवटच्या दुकानदाराने एकदम वसूल करायचा आहे. त्याने तो बुडवला तर आधीच्या टप्प्यावर काहीच जमा झालेले नसते. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या करसुधारणा समितीनेही 2005 मध्ये अशा विक्रीकराची शिफारस केली नव्हती.

तेव्हा बाबा, तुम्ही दुकानाच्या अनुभवावरून मला लिहा: व्हॅटचे साडेबारा टक्के वाचवण्यासाठी "बिल नको" म्हणणारी गिऱ्हाइके दिवसाला किती येतात, आणि तीस टक्के वाचत असतील तर किती येतील? इथे माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ हकाबींचे कट्टर समर्थक आहेत. तुमचे उत्तर मला त्यांना वाचून दाखवायचे आहे.

ती. आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
सुहास