हिरामण भाबडा नव्हे, कसबी

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला हिंदी कथाकार फणीश्वरनाथ रेणूंवरचा लेख वाचला. आस्थेने लिहिला आहे, पण 'तिसरी कसम' या कथेतला गाडीवान हिरामण त्यात तीनदा 'भाबडा' झाला आहे. 1966 च्या चित्रपटामुळे हे विशेषण त्याला चिकटलं असावं. मूळ कथेत आधी भेटतो तो वीस वर्षं बैलगाडी हाकलेला कसबी माणूस.

कथेत तो तीन कसमा, म्हणजे शपथा, घेतो. पहिली, चोरबाजारातला माल न वाहण्याची, कशी घेतली जाते पाहा. सिमेंट आणि कापडाच्या गाठी भरून बिहारमधल्या जोगबनीहून नेपाळातल्या विराटनगरला चार खेपा सुखरूप झाल्या. पाचव्या खेपेला, रात्री, तराईत गाडी पकडली जाते. हिरामण गाडीवर बसल्याबसल्याच बैलांच्या गळ्यातल्या दोऱ्या सोडतो आणि दोघांना जोडून बांधतो. मग खाली उतरून गाडीला बांबूचा टेकू लावतो आणि त्यानंतरच बैलांचे खांदे जुवाखालून मोकळे करतो. क्रम चुकला तर भरली गाडी पुढे आदळायची आणि सगळा तळ जागा व्हायचा. शेवटी बैलांच्या कानांपाशी गुदगुल्या, आणि तिघंही अंधारात पसार! भाबड्या माणसाला हे सुचेल?

दुसरी शपथ बांबू न वाहण्याची. बांबू गाडीच्या चार हात पुढे आणि चार हात मागे निघालेले असतात, त्यामुळे वळणावर गाडी ताब्यात राहत नाही. म्हणून पुढची टोकं धरून एक माणूस चालवावा लागतो. तो भाडेकऱ्याचा नोकर मुलींच्या शाळेकडे बघत राहतो, घोडागाडीची छत्री बांबूत अडकते आणि चाबूक बसतो हिरामणला. तिसऱ्या शपथेची, नौटंकी कंपनीतल्या बाईला गाडीत न घेण्याची, हळहळ सगळ्यांना ठाऊक असते. पण तिच्याआधी या दोन शपथा धंद्यातल्या ठेचांतून आलेल्या आहेत.

रेणूंच्याच 'पहलवान की ढोलक' या कथेतही तेच. ढोलालाच गुरू मानणारा लुट्टन पहिलवान त्याच्या बोलांतून डावपेच ऐकतो. 'चट्-गिड़-धा' म्हणजे भिऊ नकोस. 'धाक-धिना, तिरकट-तिना' म्हणजे डाव काट, बाहेर नीघ. कुस्तीच्या फडात हलगी ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अनुवादात मात्र हे बोल 'ढोल जोरात वाजू लागला' एवढ्यावर उरकले, तर लुट्टनचा गुरूच गेला.

आता एक तक्रार. रेणूंच्या 'मैला आंचल' या कादंबरीच्या (1954) उताऱ्यात आपण 'मिलिटरी' छापलं आहे. रेणूंचा शब्द 'मलेटरी'. मलेरिया केंद्रासाठी आलेली डिस्ट्रिक्ट बोर्डाची माणसं ('डिस्टीबोट' हा तिथलाच उच्चार) गावाला लष्करी वाटतात आणि 1942 च्या दडपशाहीच्या धाकाने एकच पळापळ होते. त्या घबराटीचा आवाज 'मलेटरी'त आहे, शुद्ध केलेल्या शब्दात तो उरत नाही. 'गन्ही महतमा'चंही (गांधी महात्मा) असंच. या शब्दांना मुद्रितशोधकाची पेन्सिल लागू नये, आणि मराठी करताना आपल्या खेड्यातला 'टेसन', 'इलेक्सन' असा उच्चार शोधावा. पुढच्या रविवारी तो उतारा मूळ शब्दांनिशी पुन्हा छापाल का?

आपला,
एक वाचक, सातारा