येझदी, हार्ले आणि १४४व्या नंबरचा पोरगा

मिलवॉकी, मे २०२५

ती. आई आणि बाबा,
सा. न.

मागच्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "हातात बॉल घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, तू बघतोस तरी काय त्यात?" आणि मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला आणि विषय स्थळांवर गेला. मग ठरवलं की आता निवांत बसून लिहायचंच, कारण फोनवर तुम्ही दोघं मिळून मला एक वाक्य पुरं करू देत नाही. बाबा, तुम्ही हे मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका, दोन गोष्टी आईसाठी आहेत आणि त्यातली एक ऐकून ती चिडणार आहे.

आधी फुटबॉल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तुमच्या खांद्यावर बसून पाटाकडील तालमीच्या मॅच बघितलेल्या माणसाला हा खेळ पहिली दोन वर्षं खेळ वाटलाच नव्हता, सारखं थांबतात, सारखी शिट्टी, सारख्या जाहिराती. मग डोक्यात एक दिवस उजेड पडला की हा फुटबॉल नाहीच, हे खासबागच्या मैदानात मांडलेलं बुद्धिबळ आहे. पुढं पाच पैलवान उभे, एकेक दीडशे किलोच्या आसपासचा, त्यांचं काम एकच, समोरच्या पैलवानांना अडवून धरायचं. आणि त्यांच्या मागं एकच पोरगा बॉल घेऊन उभा, तो क्वार्टरबॅक. त्याच्याकडं अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात कोण कुठं पळतोय, कोण मोकळा आहे, कोण आपल्याला गाडायला येतोय हे बघायचं आणि बॉल फेकायचा, तोही माणूस जिथं आहे तिथं नाही, जिथं पोचणार आहे तिथं. सगळी टीम या एका पोरावर. तो बरा निघाला तर गावाची पंधरा वर्षं मजेत जातात, नाही निघाला तर दर दोन-तीन वर्षांनी नवा शोधा.

हा शोधायचा कार्यक्रम म्हणजे ड्राफ्ट, आणि आई, हे तुला बाबांपेक्षा लवकर कळेल, कारण हा सरळसरळ बघण्याचा कार्यक्रम आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांना इंडियानापोलिसला बोलावतात. उंची मोजतात, वजन करतात, पळायला लावतात, घरचं विचारतात, आणि क्वार्टरबॅकची तर वीत मोजतात, खरंच, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बॉल नीट धरता येईल का म्हणून. २०२२ ला केनी पिकेट नावाच्या पोराची वीत साडेआठ इंच भरली तर इथं महिनाभर टीव्हीवर त्याच्या हाताचीच चर्चा, जसं काय मुलीचा रंग सावळा म्हणून आत्या-मावश्यांनी कुजबुजावं. त्याला पहिल्याच फेरीत घेतलं, विसावा नंबर, आणि तीन वर्षांत तो तिसऱ्या टीममध्ये पोचला. ते वितीमुळं झालं का कशामुळं हे देवाला ठाऊक. मग एप्रिलमध्ये बत्तीस टीम सात फेऱ्यांत पोरं निवडतात, आणि आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला त्याला पहिला मान. हे मला लई आवडतं. आपल्याकडं नापास पोराला आधी निवडायला कोण देतंय?

तर यंदाचा ड्राफ्ट झाला ग्रीन बेला, आमच्या इथून दोन तासांवर, आमच्याच टीमच्या, ग्रीन बे पॅकर्सच्या, लॅम्बो फील्डला. गाव केवढं, तर लाखभर वस्तीचं, आणि तीन दिवसांत सहा लाख माणूस येऊन गेलं, म्हणजे जोतिबाची यात्राच म्हणा, गुलाल तेवढा नव्हता, गुलालाऐवजी डोक्यावर पिवळ्या चीजच्या आकाराच्या टोप्या. या टीमला मालक नाही बाबा, गावकरीच शेअरहोल्डर आहेत १९२३ पासून. माझ्या शेजारच्या टेबलवाल्यानं एक शेअर तीनशे डॉलरला घेऊन फ्रेम करून भिंतीला लावलाय, डिव्हिडंड नाही, विकता येत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या साखर कारखान्याच्या शेअरवर निदान साखर तरी मिळते.

शनिवारी जॅकेट घालून आम्ही तिघं गेलो, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, शेड्यूर सँडर्स. याचा बाप डीऑन सँडर्स, हॉल ऑफ फेमवाला, इतका मोठा की फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही वरच्या दर्जाचं खेळला. पोरगा दोन्ही कॉलेजांत बापाच्याच हाताखाली खेळला, बापच कोच. कॉलेजनं त्याचा दोन नंबरचा शर्टसुद्धा कायमचा बाजूला ठेवला. सगळे म्हणत होते पहिल्या फेरीत जाणार. गुरुवार गेला, नाही. शुक्रवारी दोन फेऱ्या झाल्या, नाही, त्यात कुणीतरी टीमचा माणूस असल्याचं सांगून त्याला खोटा फोन केला, म्हणजे बघा माणसं काय करतील. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले. शनिवारी पाचव्या फेरीत क्लीव्हलंडनं त्याला घेतलं, १४४वा नंबर, आणि ह्याच टीमनं आदल्या दिवशी ९४व्या नंबरला दुसरा एक क्वार्टरबॅक घेतलेला होता. कुणी म्हणतं मुलाखतीत तो तोऱ्यात बोलला, कुणी म्हणतं बापाच्या नावाचं ओझं. मोठ्या पडद्यावर नाव आलं तेव्हा सगळ्यांनी मोबाईल काढले.

आणि पहिल्या नंबरला कोण गेला, तर कॅम वॉर्ड. टेक्सासमधला पोरगा, शाळा संपली तेव्हा त्याला स्कॉलरशिप देऊन घ्यायला एकच कॉलेज तयार, तेही सॅन अँटोनिओतलं एक छोटं, ज्याचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिथून दुसरीकडं, तिथून मायामीला, आणि पाच वर्षांत सगळ्या देशात पहिला. ज्याला कुणी विचारत नव्हतं तो एक नंबर आणि ज्याच्यावर बापाचं नाव कोरलेलं तो १४४. दोघांचं पुढं काय होईल ते मी आज सांगणार नाही, कारण मला कळत नाही आणि टीव्हीवर टाय लावून बसलेल्यांनाही कळत नाही, ते फक्त मोठ्यानं बोलतात.

बाबा, तुम्ही शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं काढली, तुम्हाला मी काय सांगू. कास्टिंग वरून कितीही गुळगुळीत दिसू दे, आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, मशीनवर चढल्यावरच कळतो. मी इथं क्वालिटीत आहे, आमच्याकडं एक्स-रे आहे, अल्ट्रासोनिक आहे, तरी महिन्याला एखादा जॉब लेथवर जाऊन फसवतोच. ही पोरं मशीनवर चढायच्या आधीच ह्यांना रिजेक्ट न् पास ठरवायचं असतं.

आमच्या टीमचं मात्र एक बरंय, ते पोरगं आणून गपचूप कोपऱ्यात बसवतात. २००५ ला ॲरन रॉजर्स असाच, सगळ्यांना वाटलं पहिला जाईल आणि कॅमेऱ्यासमोर तासन् तास बसून शेवटी २४वा आमच्याकडं आला. तेव्हा गादीवर ब्रेट फार्व्ह. तीन वर्षं रॉजर्स बाकावर. मग फार्व्ह रडत रडत रिटायर झाला, चार महिन्यांत म्हणाला मी रिटायर नाही, एक वर्ष न्यूयॉर्कला खेळला आणि पुढं मिनेसोटाला गेला, आणि मिनेसोटा म्हणजे आमचं हाडवैर, पाटाकडीलचा पोरगा शिवाजी तरुण मंडळाकडून उतरावा तसं. (आईचं माहेर शिवाजी पेठ, त्यामुळं ती इथं म्हणेल मग काय बिघडलं. बिघडलं, आई.) रॉजर्सनं २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, जिंकून दिला. मग २०२० ला त्याच्याच डोक्यावर जॉर्डन लव्ह आणला, २६वा नंबर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी २० टचडाऊन, म्हणजे आपले गोल म्हणा, आणि १७ वेळा बॉल समोरच्याच्या हातात. लोकांनी इथं शिव्या घातल्या, मीही घातल्या, चारचौघात घातल्या. तोही तीन वर्षं बाकावर. २०२३ ला उतरला आणि पहिल्याच सीझनला ३२ टचडाऊन, आणि डॅलसला त्यांच्या घरात जाऊन ४८-३२. त्या दिवशी मी एकटाच खोलीत उभा राहून ओरडत होतो आणि खालच्या म्हातारीनं झाडूनं छत ठोकलं.

म्हणून आई, तुझ्या स्थळांच्या पीडीएफ. गेल्या महिन्यात सात आल्या. उंची, शिक्षण, पॅकेज, छंद वाचन आणि संगीत, सगळ्यांचं वाचन आणि संगीत, मग कोल्हापुरात ती पुस्तकाची दुकानं ओस का पडलीत? मी नाही म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलवर "हो का नाही सांग" म्हणू नकोस. चार-सहा महिने बोलू दे, एकमेकांना चिडलेलं बघू दे. तुमच्या वेळी चहाच्या एका कपावर झालं आणि चांगलं झालं हे मान्य, पण बाबा तेव्हा काय निघतील हे तुला माहीत होतं का, खरं सांग.

आता चिडायची गोष्ट. मी मोटरसायकल घेतली.

हार्ले डेव्हिडसन स्पोर्टस्टर ८८३, जुनी, २०१२ ची. आई, थांब, बाबांना पुढं वाचू दे. ज्या गावात १९०३ ला ही कंपनी सुरू झाली त्या गावात आठ वर्षं राहून बसनं फिरायचं हे मला बरं दिसेना. इथल्या म्युझियममध्ये त्यांची सगळ्यात जुनी गाडी ठेवलीय, ती बघितली की वाटतं सायकललाच इंजिन बांधलंय. आवाजाचं म्हणाल तर बुलेटचा एक ठोका असतो, धक् धक् धक्, एका लयीत. हार्लेला दोन सिलिंडर, पण दोन्ही पिस्टन क्रँकच्या एकाच पिनवर बांधलेत, म्हणून ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत, दोन जवळजवळ आणि मग दम खाल्ल्यासारखं, लंगडत चालल्यागत. आपल्या तालमीसमोर हलगीवाला तयारी करताना मधेच एक ठोका गिळायचा ना, तसं. अडीचशे किलोची आहे. पहिल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये आडवी झाली, एकट्याला उचलेना, शेवटी पिझ्झा द्यायला आलेल्या पोरानं हात लावला. मला काही झालं नाही, आरसा गेला.

लायसनसाठी रीतसर शनिवार-रविवारचा कोर्स केला, आठ जण होतो, त्यात एक साठीची बाई माझ्यापेक्षा बरी वळवत होती. वर्षातले पाच महिने गाडी अशीही बंदच, बर्फ, बॅटरी घरात आणून चार्जरवर. आणि हेल्मेट मी घालतो. इथं अठराच्या वरच्यांना हेल्मेटची सक्ती नाही, निम्मे लोक तसेच फिरतात, मी घालतो. का ते सांगतो. पिट्सबर्गचा बेन रॉथलिसबर्गर, तेविसाव्या वर्षी सुपर बोल जिंकला, इतक्या लहान वयात जिंकणारा पहिलाच क्वार्टरबॅक. चार महिन्यांनी, जून २००६ ला, भर शहरात मोटरसायकलवरून पडला, हेल्मेट नव्हतं. जबडा मोडला, नाक मोडलं. वाचला आणि पुढं पंधरा वर्षं खेळला, पण ते नशीब.

हेल्मेटवरून आठवलं, क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. कोच बाहेरून कानात बोलत असतो, हे कर, ते बघ, डावीकडं लक्ष दे. पण खेळ सुरू व्हायला पंधरा सेकंद राहिले की आवाज बंद होतो, नियमच आहे. त्यापुढं पोरगा एकटा. मला गाडीवर असताना अगदी हेच होतं, चावी फिरवेपर्यंत आईचा आवाज, "सावकाश, हळू, रात्रीचं नको," आणि हायवेला लागलो की फक्त वारा. लेक मिशिगनच्या कडेकडेनं परवा शेबॉयगनपर्यंत गेलो, पाणी इतकं लांबवर की रंकाळा आठवला म्हणायचीही लाज वाटली, पण आठवला.

रविवारी मॅचच्या वेळी फोन उचलत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. इथं दुपारी बाराला सुरू होते तेव्हा तुमच्याकडं रात्रीचे साडेदहा, आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं मागं गेली की साडेअकरा, तुम्ही तेव्हा जागं राहायचंच नाही खरं तर. सप्टेंबरपासून मी सकाळी नऊला करत जाईन, तुमच्याकडं साडेसात, देवापुढं दिवा लावून झालेला असतो. दिवाळीला येतोय, रजा मंजूर झालीय, तिकीट बघतोय. चितळेंची भाकरवडी नको, आईच्या हातच्या चकल्या, आणि परवानगी असेल तर पहिल्याच दिवशी पांढरा रस्सा.

बाबा, गुडघ्याचं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं आणि मला कळलंय, कुणाकडून ते विचारू नका, की मागच्या आठवड्यात तुम्ही येझदी बाहेर काढून किक मारायला गेला होता. टू-स्ट्रोक अडीचशेची ती किक, उलटी आली तर नवीन गुडघ्याचं काय होईल ते डॉक्टरला विचारायची गरज नाही. मी गाडी विका म्हणणार नाही, त्या गाडीवर मला शाळेत सोडलंय तुम्ही, पावसात, पोटाशी दप्तर धरून. पण तुम्ही किक मारू नका. शेजारच्या पोराला सांगा, पंधरा दिवसांतून एकदा चालू करून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये म्हणून. तो ॲक्टिव्हावर वाढलेला, त्याला काही माहीत नसणार, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं हेसुद्धा नाही, ते प्रमाण तुम्हाला पाठ आहे, बाटलीवर लिहून ठेवा. आणि गियरचा तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते, गाडी चालू झाली की परत खाली आणायचा, हे बघून तर तो गांगरणारच. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसा आणि सगळं तोंडानं सांगा.

फक्त त्यानं क्लच सोडला की मग गप्प बसा, पंधरा सेकंदांचा नियम.

तुमचा,
बंड्या