पाचवीची रात्र

रामबाग, इंदूर

प्रिय सुधीर,

वहिनी पुढच्या महिन्यात माहेरी येताहेत, हे तुझ्या सासूबाईंकडून कळलं. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सगळी जय्यत तयारी आहे. वहिनींच्या बायपोलरचं, म्हणजे मन कधी बेफाम चढतं तर कधी पार खचतं त्या आजाराचं, मात्र त्या घरात कोणी नावच काढत नाही, म्हणून हे लिहितोय.

आमच्या धाकटीचं तुला त्रोटकच ठाऊक आहे. तिलाही हाच आजार. दिवस राहिल्यावर कोणीतरी सांगितलं, गोळ्या बाळाला बाधतात, आणि तिने त्या परस्पर सोडल्या. नऊ महिने सुरळीत गेले. पाचवीच्या पूजेला आत्याने जागरण मांडलं, त्यात बाळंतिणीलाही बसवलं. पहाटे बघतो तर ही दुपट्यांच्या घड्या घालतेय, मोडतेय, पुन्हा घालतेय. डोळ्यांत झोपेचा लवलेश नाही, बोलणं भरधाव. मग आईच्या कानाशी लागून म्हणाली, ‘हे बाळ बदललंय.’ आत्याचं निदान तयार: बाहेरची बाधा! दाजींनी कोणाचंही न ऐकता तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भानच सुटणं. दवाखान्यात ठेवावं लागलं, पण ती पूर्ण बरी झाली.

एरवी हा हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होतो. बायपोलर असेल तर साधारण पाचांत एकीला, आणि आधी एकदा होऊन गेला असेल तर जवळजवळ निम्म्या जणींना. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच उमटतो. म्हणजे नेमका आपला पाचवी-बारशाचा गोंधळ चालू असतो तेव्हा.

तेव्हा वहिनींच्या गोळ्यांचं आत्ताच, त्या तिकडे असतानाच, डॉक्टरांशी बोल. व्हॅल्प्रोएटसारखं औषध गरोदरपणात शक्यतो देत नाहीत. पण काय बदलायचं ते त्यांनीच ठरवायचं, घरच्यांनी नव्हे. इथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनाही सगळं स्पष्ट सांग. अंगावर पाजायचं की वरचं, तेही औषध बघून आधीच ठरवा. रात्री बाळाला दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं, वहिनींना सलग झोप मिळाली पाहिजे. पाचवीला जागायचंच असेल तर आपण जागू, पत्ते घेऊन मी येतो.

झोप उडाली, भलतेसलते संशय आले, की सकाळची वाट बघू नका, आणि बाळासोबत त्यांना एकटं सोडू नका. ‘बाणगंगेच्या मनोरुग्णालयात नेणार का?’ असं इथे कोणीतरी म्हणणारच. म्हणू दे. दवाखान्यात ठेवायची वेळ आलीच तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून तोडत नाहीत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर सासऱ्यांच्या फोनमध्ये घालून ठेव.

सासूबाईंशी मात्र तूच बोल. मी बोललो तर म्हणतील, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशाला सांगितलंस.

तुझा,
विनू