स्टेडियम आखताना सामना नसलेल्या दिवसांचा हिशेब मांडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईबाहेर लाखभर प्रेक्षकांचे स्टेडियम उभारण्याच्या चर्चा आपल्या ई-अंकात वाचत असते. अशा प्रत्येक बातमीत आसनसंख्या किती आणि जमीन किती एकर, हे दोन आकडे आधी येतात. वर्षातले किती दिवस तिथे माणसांची ये-जा असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. मी मूळची नागपूरची. अनेक वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहम शहरात राहते. इथे भरवस्तीत मायनर लीग, म्हणजे दुय्यम पातळीवरच्या व्यावसायिक बेसबॉलचे मैदान आहे. ते कसे आखले, त्यात काय साधले आणि कुठे चुकले, हे आपल्याकडच्या वाचकांनाही कळावे म्हणून हे पत्र.

आधी मायनर लीगची व्यवस्था थोडक्यात सांगते. संघाचा व्यवसाय बहुधा वेगळ्या मालकाचा असतो, पण खेळाडू वरच्या मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या संघाचे. पगार तोच संघ देतो आणि हवा तेव्हा खेळाडूला वर बोलावून घेतो. इथल्या डरहम बुल्स या संघाचा असा पालक संघ 1998 पासून टॅम्पा बे रेज आहे. एप्रिलमध्ये ज्याच्या नावाने पोरे ओरडतात, तो खेळाडू जूनमध्ये इथे असेलच असे नाही. त्यामुळे कुणा एका ताऱ्याच्या जिवावर तिकिटे खपत नाहीत. लोक संध्याकाळ घालवायला येतात, आणि म्हणून मैदान कुठे आहे, कसे आहे याला खेळाइतकेच महत्त्व येते. या पातळीवर हंगामात घरच्या मैदानावर 75 सामने होतात. पाऊसपाणी सोडून दिले तरी वर्षाचे 290 दिवस उरतात. शहराच्या मधोमध, लोकांच्या पैशाने घेतलेली जागा त्या 290 दिवसांत कुलूपबंद राहणार असेल, तर ती शहराला परवडत नाही.

डरहम हे तंबाखूचे शहर. अमेरिकन टोबॅकोचा इथला कारखाना 1987 मध्ये बंद पडला आणि लाल विटांच्या प्रचंड इमारती ओस पडल्या. संघाचे जुने मैदान अपुरे पडू लागले होते. नव्या मैदानासाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव 1990 मध्ये काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या मतदारांनी फेटाळला. संघाच्या नव्या मालकाच्या मनात संघ शहराबाहेर विमानतळाच्या बाजूला न्यायचे होते. तेव्हा नगर परिषदेने मतदान घ्यावे लागणार नाही अशा मार्गाने कर्ज उभारले आणि बंद कारखान्यासमोरच, ब्लॅकवेल स्ट्रीटच्या पलीकडे मैदान बांधले. ते 1995 मध्ये खुले झाले. लोकांनी नको म्हटल्यावर वळसा घालून केलेला हा खर्च मला आजही पटत नाही. मैदान चांगले झाले म्हणून तो व्यवहार चांगला ठरत नाही.

मैदान मात्र खरोखर चांगले झाले आहे, आणि त्याचे कारण जागेची अडचण. बेसबॉलच्या नियमांनुसार नव्या व्यावसायिक मैदानात फलंदाजापासून दोन्ही बाजूंच्या कुंपणापर्यंत किमान 325 फूट अंतर हवे. मोकळ्या माळावर ते सहज मिळते. इथे डाव्या बाजूला जेमतेम 305 फूट मिळाले. मग वास्तुविशारदांनी त्या बाजूला 32 फूट उंचीची निळी भिंत उभी केली, म्हणजे सोपा फटका सहजासहजी बाहेर जाऊ नये. आज ती भिंतच मैदानाची ओळख झाली आहे. तिच्यावर लाकडी बैल आहे. डरहमच्या खेळाडूने चेंडू कुंपणापार टोलवला की बैलाचे डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकपुड्यांतून धूर निघतो. चेंडू थेट बैलाला लागला तर फलंदाजाला स्टेक फुकट, पायाखालच्या हिरवळीच्या पट्टीला लागला तर सॅलड. माझी मुले शाळेत जायची तेव्हा धावफलकापेक्षा त्या बैलाकडेच बघत बसायची. हा बैल मुळात 1988 च्या एका चित्रपटासाठी जुन्या मैदानावर उभारला गेला होता. लोकांना आवडला आणि कायमचा राहिला.

अडचणीतून काढलेली अशी वाट कागदावर आधी सुचत नाही. मोठ्या मोकळ्या जागेवर सगळीकडे एकसारखी अंडाकृती इमारत उभी राहते. ती कोणत्याही गावात ठेवली तरी चालते, म्हणून कुठल्याच गावाची होत नाही. वस्तीत बांधायचे तर दिशा पाहावी लागते. संध्याकाळच्या सामन्यात मावळता सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून त्याचे तोंड साधारण पूर्व-ईशान्येला ठेवतात, पण रस्त्यांची आखणी आधीच ठरलेली असते आणि दोन्हीचा मेळ घालावा लागतो. दिव्यांचा झोत कुणाच्या खिडकीत जाईल, लाउडस्पीकर कुठपर्यंत ऐकू येईल, मालाचा ट्रक कोणत्या गल्लीतून येईल, हे सगळे आखणीतच सोडवावे लागते. तसे केले नाही तर शेजारी कोर्टात जातात, आणि त्यांचे बरोबरच असते.

आता 290 दिवसांकडे येते. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहराचे पार्कव्ह्यू फील्ड 2009 मध्ये खुले झाले. आसनांच्या मागचा रुंद कॉन्कोर्स, म्हणजे प्रेक्षकांच्या ये-जा करण्याचा मार्ग, मैदानाला पूर्ण वेढा घालतो. सामना नसेल तेव्हा ही जागा लोकांना फिरायला खुली असते. बांधकाम तेच, फक्त फाटक कधी उघडायचे याचा निर्णय वेगळा. पण हा निर्णय आराखड्यातच व्हावा लागतो. स्वच्छतागृहे कुठे, झाडांची सावली कुठे, खेळपट्टीकडे जाणारी वाट कशी बंद करायची, हे नंतर जोडता येत नाही.

डरहममध्ये मैदानाच्या कुंपणापलीकडेच कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. खिडकीत बसून सामना दिसतो आणि दुपारी तिथलीच माणसे खाली जेवायला उतरतात. समोरचा तंबाखूचा कारखाना 2004 मध्ये कार्यालये आणि उपाहारगृहे म्हणून उघडला. जुनी धुरांडी आणि पाण्याची टाकी तशीच ठेवली. 2008 मध्ये शेजारी मोठे नाट्यगृह झाले. एका वाहनतळावर दिवसा नोकरदारांच्या गाड्या, रात्री नाटकाच्या किंवा सामन्याच्या. खरे नियोजन ते हेच.

तरीही मैदानाने शहर तारले, असे इथे जे सर्रास म्हटले जाते, ते मला मान्य नाही. मैदान 1995 चे, कारखाना उघडला 2004 मध्ये. मधली नऊ वर्षे समोर फुटक्या काचाच होत्या. तो उघडला कारण संघाच्या मालक कंपनीने स्वतःचे पैसे घातले, ड्यूक विद्यापीठाने जागा भाड्याने घेतली, जुन्या वास्तूंसाठीची करसवलत मिळाली आणि वाहनतळांचा खर्च शहराने व काउंटीने उचलला. सरकारी पैशाने बांधलेले स्टेडियम आपला खर्च करांतून भरून काढत नाही, यावर अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांचे जवळजवळ एकमत आहे. आणखी एक गोष्ट. मैदानाजवळून जाणारा डरहम फ्रीवे हेटाय ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती उठवून बांधला गेला. तेव्हाही शब्द नवनिर्माणाचाच दिला होता. आज मध्यवस्तीतली भाडी वाढल्यावर पुन्हा तीच माणसे लांब जाताहेत. नव्या मैदानाच्या आराखड्यात घरांचा विचार पहिल्या पानावर हवा होता.

कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहराने तर घाईची किंमत मोजली. तिथल्या मध्यवस्तीतले मैदान एप्रिल 2016 मध्ये उघडायचे होते. काम रखडले, खर्च 56 दशलक्ष डॉलर्सवरून 70 दशलक्षांच्या वर गेला, शहराने बिल्डरला काढून टाकले आणि संघाने पूर्ण 2016 चा हंगाम परक्या गावांत खेळून काढला. मैदान 2017 मध्ये उघडले, पण कोर्टकज्जा पुढे अनेक वर्षे चालला आणि भोवतीच्या ज्या घरांच्या भरवशावर प्रकल्प मांडला होता ती बरीच वर्षे रखडली. ज्या उत्पन्नावर कर्ज फिटणार ते आधी करारात बांधून घ्यायचे असते.

नागपूरला सिव्हिल लाइन्सचे मैदान शहरात होते. लोक सायकलने, पायी जायचे. 2008 पासून मोठे सामने वर्धा रोडवर जामठ्याला होतात आणि सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावर काय हाल होतात ते प्रत्येक नागपूरकर जाणतो. पुण्याचे गहुंजे द्रुतगती मार्गाला लागून आहे. दोन्ही स्टेडियम उत्तम आहेत, पण आंतरराष्ट्रीय सामने वर्षातून मोजकेच. इथे 290 दिवस उरतात, तिथे त्याहून पुष्कळ जास्त. क्रिकेटचे मैदान मोठे असते, गर्दी चाळीस हजारांची, सुरक्षेचे प्रश्न वेगळे, हे मला कळते. पण चर्चगेटला उतरून माणूस चालत वानखेडेला जातो, म्हणजे हे आपल्याकडे अशक्य नाही.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती. पुढच्या स्टेडियमच्या घोषणेच्या पत्रकार परिषदेत तीन प्रश्न विचारा. रेल्वे किंवा मेट्रो स्थानकापासून पायी किती मिनिटे? सामना नसलेल्या दिवशी कोणते फाटक कुणासाठी उघडे असेल? आणि कर्ज कोण फेडणार, कोणत्या करारानुसार? मिळालेली उत्तरे आसनसंख्येच्या शेजारी छापा.

आपली,
एक वाचक, डरहम, नॉर्थ कॅरोलायना