डॉक्टरांपुढं माझी बाजू घेऊ नका

वडगाव, बेळगाव

ती. आई आणि बाबा यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेलो असतो तर आई रडली असती आणि बाबांनी फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहितोय. दिव्यांग दाखल्याचा अर्ज मी करून टाकलाय. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, आधार, फोटो आणि धारवाडच्या उपचारांचे कागद जोडून. तपासणी बिम्समध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात व्हायची आहे, तारीख अजून आलेली नाही. अर्ज मागं घेणार नाही. पण तुम्हाला न सांगता तपासणीला जाणं मला जमणार नाही, आणि तुमच्याशिवाय तिथं कामही होणार नाही. ते का, ते पुढं सांगतो.

मी बरा आहे, घाबरू नका. डबा वेळेवर येतो, भाकरी जाड असते पण ज्वारीची असते. झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस जातो. खालच्या मागाची खटखट रात्री थांबते, झोप लागते. गोळ्या चुकत नाहीत. आई, वाकळ धुऊन घेतली, गादीला ऊन दाखवलं.

आता बाबा, तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. हातपाय धड आहेत, डोकं हुशार आहे, सरकारपुढं हात कशाला पसरायचा? बाबा, १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीत पुणे-बेंगळूर हायवेवर तुम्ही बसला होता, तेव्हा हात पसरायला बसला होता का? गोळीबार झाला, माणसं गेली, आणि अजूनही तुम्ही सांगता की आम्ही आमच्या घामाचं मागत होतो. मीही कायद्यात आहे तेवढंच मागतोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. डॉक्टरांनी माझ्या आजाराला दिलेलं बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा एक विकार, हे नाव त्यात सापडणार नाही, कारण कायदा आजारांची नावं मोजत बसलेलाच नाही. विचार, मनाची स्थिती बिघडून वागणं आणि निर्णय हातात राहत नसतील, रोजचं जगणं निभावत नसेल, तर तो मानसिक आजार, एवढंच तो म्हणतो.

अडचण इथंच आहे. स्किझोफ्रेनिया म्हटलं की कुणीही मान हलवतो. व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हटलं की 'स्वभावच तसा आहे' म्हणून विषय संपतो. आपल्या घरात तरी दुसरं काय झालं? रागीट आहे, लाडावलाय, लग्न झालं की सुधारेल. तुम्हाला दोष देत नाही, डॉक्टरांनी नाव सांगेपर्यंत मीही तसंच समजत होतो.

तपासणी कशी होते ते नीट वाचा. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. आयडियाज नावाचं एक मोजमाप आहे, २००२ साली इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं केलेलं. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण वेगळे, दहा वर्षांच्या वर गेला की ४. सगळे मिळून २०. त्यात ७ झाले की ४० टक्के अपंगत्व धरतात, आणि बहुतेक योजनांचं दार ४० टक्क्यांनाच उघडतं. वर्षांचे गुण कागदांवरून मिळतील. बाकीच्यांसाठी डॉक्टर घरच्या माणसाला विचारतात, कारण रुग्ण कसा जगतो ते घरच्यांनी पाहिलेलं असतं.

आणि घरची माणसं म्हणजे तुम्ही दोघं. आई, तुला कुणीही माझ्याबद्दल विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं: "पोरगं गुणाचं आहे हो, सगळं करतंय." शिंदेकाकांना तेच, सोयरिकीच्या माणसांना तेच. सख्ख्या भावाच्या, महेशच्या लग्नात भर मे महिन्यात तू मला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावलास, आणि दिवसभर माझ्या शेजारून हलली नाहीस. कशासाठी ते मला कळत होतं. आजवर तू मला असंच झाकत आलीस, त्या झाकण्यावरच मी तगलो. पण डॉक्टरांपुढं झाकलंस तर चारही रकान्यांत शून्य पडेल, आणि माझी ही सगळी वर्षं कागदावर झालीच नाहीत असं होईल.

म्हणून त्या दिवशी माझी बाजू घेऊ नका. जे आहे ते सांगा. दार लावून बसलो की अंघोळ नाही, जेवण नाही, आणि आई ताट उंबऱ्यावर ठेवून जाते, हे सांगा. उद्यमबागेतल्या नोकऱ्या कशा गेल्या ते बाबा, तुम्ही सांगा, फोरमनच्या एका शब्दावरून मी कसा चालत घरी आलो ते. कुणी चार दिवस फोन केला नाही की मला सोडून गेले असं वाटून मी काय करतो, तेही. विहिरीवरचं सांगायचं की नाही, ते मी तुमच्यावर सोडतो. नाहीच निघालं तोंडातून तर मी सांगेन, तुम्ही फक्त नाही म्हणू नका. वाढवून मात्र काही सांगायचं नाही. मामा म्हणेल, डॉक्टरांपुढं वेड्यासारखं वाग म्हणजे काम होतं. तसलं काही मला करायचं नाही. खरं आहे तेवढंच पुष्कळ आहे.

मिळणार काय, हेही विचाराल. पेन्शन महिन्याला हजाराच्या आतबाहेर, तीही नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढल्यावर. बसचा सवलतीचा पास, म्हणजे धारवाडला उपचाराला जाणं अंगावर येणार नाही. रेल्वेची सवलत या आजाराला नाही. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के राखीव, त्यातला १ टक्का आमच्यासारख्यांसाठी आणि ऑटिझम वगैरेंसाठी मिळून. महेश माझ्या औषधपाण्याला पैसे पाठवतो, त्याला जुन्या पद्धतीनं टॅक्स भरताना ७५,००० रुपयांची वजावट घेता येईल. त्याच्या पोरीची शाळा सुरू झाली, दर महिन्याला त्याच्याकडं बघताना माझी मान खाली जाते. तेवढी तरी वर येईल. पैशांपेक्षा मला हे मोठं वाटतं की पुढच्या मालकाला दाखवायला एक कागद असेल आणि मधली रिकामी वर्षं आळशीपणाची धरली जाणार नाहीत.

गावात कळेल ही भीती काढून टाका. दाखल्याचं कार्ड माझ्या पाकिटात राहणार, मी दाखवेन त्यालाच दिसणार. बाबा, तुम्ही शेताच्या वाटणीचं मनात आणाल म्हणून सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, नुसता मानसिक आजार आहे म्हणून माणसाला अस्थिर बुद्धीचा धरता येत नाही, ते कोर्टानंच ठरवावं लागतं. वाटणी, सही, मतदान, सगळं आहे तसंच राहील. लग्नाचं मात्र मी खोटं सांगणार नाही. जिच्याशी होईल तिला सगळं सांगूनच होईल.

आई, हे जन्माचं लेबल नाही गं. दाखला मुदतीचाही देतात, मुदत संपली की पुन्हा तपासणी. सुधारलो तर टक्के कमी होतील, आणि मला तेच हवंय. मी जी थेरपी घेतो ती मार्शा लिनेहन या अमेरिकेतल्या बाईंनी तयार केली. तरुणपणी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ साली जगाला सांगितलं. ते वाचलं त्या दिवशी मला तुझी फार आठवण आली. तापात मी बडबडायचो तेव्हा तू सोप्यात मांडीवर घेऊन रात्रभर थोपटायचीस आणि सकाळी वखारीत कामाला जायचीस. ती मांडी मला अजून लागते, एवढा घोडा झालो तरी.

आता ऐका. ट्रंकेत लुगड्यांखाली निळी फाईल आहे, त्यातले धारवाडचे जुने कागद सगळे आणा, तुम्हाला बिनकामाचे वाटले तरी. फॉर्म कन्नडमध्ये निघाले तर घाबरू नका, दुकानातला बसवराज सोबत येणार आहे. सकाळची गाडी धरा, संकेश्वरला चहा पीत बसू नका. बाबा, शुगरची गोळी आणि न्याहारी दोन्ही घेऊनच निघायचं, मागच्यासारखं उपाशी नाही. आई, गुडघ्याला पट्टा बांध, बिम्समध्ये बरंच चालायला लागतं. मामाला एवढ्यात काही बोलू नका, मीच सांगेन. दोघंही मुक्कामाच्या तयारीनं या, कारण दुसऱ्या दिवशी बाबांना डोळ्याच्या डॉक्टरांकडं न्यायचंय. मोतीबिंदू तंबाखूचा हंगाम संपेपर्यंत थांबणार नाही. मी नंबर लावून ठेवतो.

तुमचा,
सुनील